रक्तवाहिनीला इजा झाली आणि कॅथेटर अजून आत आहे: पुढे काय करावे

कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवलेल्या बारीक नळीने, करायच्या प्रत्येक उपचारात रक्तवाहिनीला आधी एक छिद्र पाडावे लागते. सुईने वाहिनी गाठायची, सुईतून वायर सरकवायची आणि वायरवरून नळी आत न्यायची, ही पद्धत स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही बहुतेक कामे तिच्याच आधाराने होतात. म्हणजे एक लहान, जाणूनबुजून केलेली इजा प्रत्येक केसमध्ये असतेच. अडचण सुरू होते ती छिद्र भलत्या जागी पडले, ठरवल्यापेक्षा मोठे झाले किंवा वायरच्या टोकाने वाहिनीचे आतले अस्तर उलगडले म्हणजे.

पुढील मांडणी कॅथलॅबमध्ये (असे उपचार होतात त्या एक्स-रे कक्षात) आणि अतिदक्षता विभागात काम शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी आहे, आणि तिचा रोख एकाच गोष्टीवर आहे. इजा लक्षात येताच हात आपोआप मागे खेचला जातो, आणि बहुतेक वेळा तीच हालचाल सर्वांत महाग पडते. वाहिनीत असलेली वायर हा त्या छिद्रापर्यंत परत पोहोचण्याचा तयार रस्ता असतो, आणि आत जाड नळी असेल तर ती स्वतःच छिद्राला बूच घालून बसलेली असते.

पहिली काही मिनिटे

रक्तदाब उतरू लागला, रुग्णाने अचानक पाठीत किंवा छातीत कळ आल्याचे सांगितले, डाय (वाहिनी एक्स-रेवर दिसावी म्हणून सोडलेले द्रव) वाहिनीच्या रेषेबाहेर पसरलेला किंवा एका जागी साचून राहिलेला दिसला, वायर सहज जायला हवी तिथे अडली, यांपैकी काहीही झाले तर पहिले काम थांबण्याचे. कॅथेटरच्या टोकाशी दाबाची लहर चपटी झालेली असेल तर डाय मारू नये, कारण टोक भिंतीला टेकलेले असताना जोराने सोडलेला डाय लहानशा चिरेचे लांब डिसेक्शन (भिंतीचे थर एकमेकांपासून सुटणे) करू शकतो. वायर कोणी धरायची, बलून कोणी फुगवायचा आणि रक्तदाबाकडे कोणी पाहायचे, हे नाव घेऊन मोठ्याने सांगावे. ‘कोणीतरी बघा’ असे म्हटले की कोणीच बघत नाही. त्याच वेळी भूलतज्ज्ञ आणि रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद यांना कळवावे, रक्तगट व क्रॉसमॅचसाठी नमुना पाठवावा आणि जाड सुई घालून आणखी एक शीर तयार ठेवावी. मदतीसाठी केलेला फोन शेवटी अनावश्यक ठरला, तर त्यात कोणाचेही नुकसान नसते.

रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिनचा शेवटचा डोस किती व कधी दिला, हे फळ्यावर लिहिलेले असावे, कारण आठवणीतला आकडा अशा वेळी हमखास चुकतो. हिपॅरिनचा परिणाम उलटवण्यासाठी प्रोटामिन वापरतात: शरीरात उरलेल्या अंदाजे १०० युनिट हिपॅरिनमागे १ मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम, आणि तेही सुमारे १० मिनिटांत सावकाश, कारण झपाट्याने दिलेले प्रोटामिन स्वतःच रक्तदाब पाडते. हृदयाच्या धमनीत वायर, बलून किंवा नुकताच बसवलेला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) असेल तर घाई करू नये. गळती बलूनने ताब्यात असेपर्यंत थांबता येते, आणि आतली सामग्री निघण्यापूर्वी रक्त गोठू दिले तर तीच धमनी गुठळीने बंद होण्याचा धोका असतो. हिपॅरिनऐवजी वापरल्या जाणाऱ्या बायव्हॅलिरुडिनवर प्रोटामिनचा उपयोग होत नाही. तिथे औषध थांबवणे आणि मूत्रपिंडे नीट चालत असल्यास त्याचा परिणाम ओसरण्याची वाट पाहणे, एवढेच हातात असते.

जांघेतील धमनी

जांघेतील इजांचे मूळ बहुतेकदा सुई कुठे टोचली यात असते. फीमरल धमनी मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्यासमोर, जांघेच्या अस्थिबंधाखाली आणि तिचे दोन फाटे होतात त्याच्या वर टोचली, तर मागे हाडाचा आधार मिळतो आणि बोटांनी दाब देता येतो. टोचा वर गेला की रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत झिरपते, जिथे कोणाचेही बोट पोहोचत नाही. खाली गेला की स्यूडोअॅन्युरिझम (धमनीबाहेर साचलेली, तिच्याशी जोडलेली रक्ताची पोकळी) आणि धमनी-शिरेचा फिस्टुला (दोघींमधली आडवाट) यांची शक्यता वाढते. सोनोग्राफीखाली टोचल्यास ही जागा डोळ्यांनी पाहता येते. अनुभवी हाताला सोनोग्राफीची गरज नसते, हा समज मला कधीच पटलेला नाही.

पोटामागील रक्तस्राव सर्वांत फसवा असतो. जांघ वरून मऊ व स्वच्छ दिसते, रुग्ण कंबरेत किंवा कुशीत दुखत असल्याचे सांगतो, नाडी वाढते, आणि हिमोग्लोबिन पहिल्या तपासणीत नेहमीसारखे येते, कारण ते घसरायला वेळ लागतो. उंच टोच्याच्या केसनंतर कारण न कळणारा कमी रक्तदाब दिसला, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत हाच रस्ता धरावा. रुग्ण स्थिर असेल तर सीटी करावे. स्थिर नसेल तर सीटीच्या रांगेत न थांबता कॅथलॅबमध्येच दुसऱ्या बाजूच्या जांघेतून किंवा हातातून आत जाऊन डायने गळती शोधावी, धमनीच्या रुंदीचा बलून गळतीवर किंवा तिच्या वरच्या बाजूला हलकेच फुगवून रक्त थांबवावे, आणि मग कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेला, छिद्र झाकणारा स्टेंट) की शस्त्रक्रिया हे ठरवावे. इलियाक धमनी (ओटीपोटातून पायाकडे जाणारी) फाटली असेल आणि वायर तिच्यातून आरपार गेलेली असेल, तर ही वायर हातून सुटणे म्हणजे बलून नेण्याचा सर्वांत जवळचा मार्ग गमावणे होय.

वरवरच्या रक्तस्रावात दाब देण्याची जागा नेहमी चुकते. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीतील छिद्र त्वचेवरील छिद्राच्या सुमारे २ सेंटीमीटर वर असते, आणि बोटे तिथे असायला हवीत. १५ ते २० मिनिटे सलग दाब द्यावा. दर मिनिटाला उचलून पाहिले तर गुठळी धरतच नाही. दाब देताना पायाच्या टोकाची नाडी पूर्ण नाहीशी होऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी जांघेत धडधडणारी गाठ जाणवली किंवा स्टेथोस्कोपला फुसफुस ऐकू आली, तर डॉपलर करावा. लहान, २ सेंटीमीटरपेक्षा कमी आकाराचा स्यूडोअॅन्युरिझम रक्त पातळ करणारी औषधे चालू नसल्यास अनेकदा आपोआप गोठतो. मोठा किंवा वाढणारा असल्यास सोनोग्राफीखाली त्याच्या पोकळीत थ्रोम्बिन टोचतात. मात्र पोकळीला धमनीशी जोडणारी मान रुंद असेल किंवा सोबत फिस्टुला असेल, तर थ्रोम्बिन मुख्य प्रवाहात शिरू शकते, आणि अशा वेळी शल्यविशारदाचे मत घ्यावे.

मनगट

मनगटाच्या रेडियल धमनीतून काम केल्याने जांघेतील रक्तस्राव टळतो, पण ही धमनी आकसणारी आहे. कॅथेटर अडकले तर ओढू नये; नायट्रोग्लिसरीन, वेरापामिल, वेदनाशामक आणि गुंगीचे औषध देऊन, हात उबदार ठेवून वाट पाहावी. जोराने ओढल्यास धमनीचे अस्तर नळीबरोबर सोलून निघू शकते. हातातील धमनीला छिद्र पडले आणि वायर त्या जागेपलीकडे गेलेली असेल, तर लांब शीथ (कॅथेटर ज्यातून जाते ती बाहेरची नळी) किंवा कॅथेटर तिथून पुढे नेऊन काम चालू ठेवता येते, कारण नळी आतून छिद्र दाबून धरते आणि काम संपेपर्यंत ते बरेचदा मिटलेले असते.

पुढच्या हातावर सूज वाढत असेल तर दंडावरच्या किंवा पुढच्या हातावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्याने, सिस्टॉलिकपेक्षा सुमारे २० मिमी कमी दाब ठेवून, थोड्या थोड्या वेळाने सैल करत दाब द्यावा. अंगठ्यावर ऑक्सिमीटर लावून हाताकडचा प्रवाह पाहत राहावे. बोटे सरळ केल्यावर तीव्र वेदना होत असतील तर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडतो तेव्हा) नाडी उशिरापर्यंत टिकते.

हृदयाच्या धमन्या

इथे चर्चा मिनिटांत आटोपावी लागते. धमनीला पडलेल्या छिद्रांचे एलिस यांचे १९९४ चे वर्गीकरण आजही उपयोगी आहे: पहिल्या प्रकारात वाहिनीबाहेर फक्त खळगी दिसते, दुसऱ्यात पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचे आवरण) किंवा हृदयस्नायूत डायची धूसर छटा, तिसऱ्यात १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्रातून उघड धार. धार दिसली की कोणतीही सामग्री शोधण्यापूर्वी, आत असलेलाच बलून गळतीवर किंवा तिच्या जरा वर नेऊन २ ते ६ अॅटमॉस्फिअरइतक्या कमी दाबाने फुगवावा. डायची छोटीशी फुंकर मारून गळती थांबल्याची खात्री करावी आणि ५ ते १० मिनिटे धरून ठेवावे. या मिनिटांत इको (हृदयाची सोनोग्राफी) येतो, पेरिकार्डियममधील रक्त काढण्याची सुई व पिगटेल (वळलेल्या टोकाची नळी) उघडले जाते, आणि कव्हर्ड स्टेंट कपाटातून बाहेर निघतो. हा स्टेंट जाड असल्यामुळे आत असलेल्या गाइडमधून (सामग्री नेणाऱ्या मुख्य कॅथेटरमधून) नेण्यासाठी बलून काढावा लागतो. त्या मधल्या काळात रक्त वाहू नये म्हणून दुसऱ्या जागेतून दुसरे गाइड आत आणून, पहिला बलून क्षणभर सैल करून, नवी वायर पुढे सरकवतात.

वायरच्या टोकाने दूरच्या बारीक फांदीत पडलेले छिद्र वेगळे असते. हायड्रोफिलिक (ओली होताच निसरडी होणारा) लेप असलेली वायर हाताला काहीच न जाणवू देता आरपार जाते, म्हणून काम चालू असताना तिचे टोक पडद्याच्या चौकटीत ठेवावे. बलूनने न थांबल्यास मायक्रोकॅथेटरमधून कॉइल (तारेचे बारीक वेटोळे) किंवा रुग्णाच्याच त्वचेखालील चरबीचा कण सोडून ती फांदी बंद करतात. असे बारीक छिद्र टेबलावर काहीच दाखवत नाही आणि काही तासांनी टॅम्पोनेड (भोवती साचलेल्या रक्ताने हृदय दबणे) करते, म्हणून इको पुन्हा करावा. पूर्वी बायपास झालेल्या रुग्णात पेरिकार्डियम चिकटलेले असते. तिथे रक्त एका कोपऱ्यात साचून हृदयाचा एखादाच कप्पा दाबते आणि वरवरच्या इकोत ते निसटू शकते.

मानेतील शीर शोधताना धमनीत गेलेली नळी

मानेतील जुगुलर शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकताना कधी कधी शेजारची कॅरोटिड धमनी टोचली जाते. फक्त बारीक सुई गेली असेल तर ती काढून दाब द्यावा. मात्र डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) किंवा ७ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) व त्याहून जाड कॅथेटर धमनीत शिरले असेल, तर ते काढू नये, त्यातून औषध देऊ नये, आणि शल्यविशारदाला बोलवावे. ओढून दाबत बसल्यास मानेतील हेमॅटोमाने (साचलेल्या रक्ताच्या गाठीने) श्वासमार्ग दबण्याचा व मेंदूला झटका येण्याचा धोका असतो. कॉलरबोनखालील सबक्लेव्हियन धमनीवर तर नीट दाबही देता येत नाही. रक्ताच्या रंगावर विसंबू नये, कारण कमी ऑक्सिजन असलेल्या रुग्णात धमनीचे रक्तही काळपट दिसते. डायलेटर घालण्याआधी वायर शिरेतच असल्याचे सोनोग्राफीत पाहावे किंवा दाब मोजावा.

केस संपल्यावर नोंदीत टोच्याची जागा, वायर व बलूनचे माप, इजा दिसल्याची वेळ, बलून किती मिनिटे फुगवला, हिपॅरिन आणि प्रोटामिनचे डोस हे सर्व लिहावे, आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला कागदावर न सोडता तोंडी सांगावे: कोणत्या पायाची नाडी दर तासाला पाहायची, कोणत्या आकड्याखाली रक्तदाब गेला तर कोणाला फोन करायचा, आणि पुढचा इको किती वाजता आहे.