जर्मन कैसरच्या (सम्राटाच्या) काळातली चांदीची नाणी जमवताना: आधी काटा, मग पैसे

मार्क हे जर्मन साम्राज्याचं चलन. नवखा संग्राहक पहिल्याच फेरीत पाच मार्कच्या नाण्यामागे लागतो. ३८ मिलिमीटरचं भरगच्च नाणं, मोह होणारच. पण नकलाही त्यातच उदंड. सुरुवात तीन मार्कपासून करा, आणि तीही कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या, प्रशिया राज्याच्या नाण्यांपासून. १९०८ ते १९१२ मधली ही नाणी मुबलक आहेत आणि चांगल्या अवस्थेत मिळतात.

एक राज्य किंवा एक मूल्य धरा. अर्धा आणि एक मार्क साऱ्या साम्राज्यात एकाच छापाचे. दोन, तीन आणि पाच मार्कवर मात्र त्या त्या राज्याचा शासक, नाहीतर हाम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक या मुक्त शहरांचं चिन्ह. येगरचा जर्मन नाण्यांचा कॅटलॉग घ्या, विक्रेते त्यातल्याच क्रमांकांनी बोलतात. टांकसाळीचं अक्षर जुळतंय का पाहा: बव्हेरिया म्हणजे डी, सॅक्सनी ई, वुर्टेम्बर्ग एफ, बाडेन जी. बव्हेरियाच्या राजाखाली ए दिसला तर पुढे बघायचंच नाही.

आता खरं काम. ‘चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे चांदी’ हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून निघा. पितळही चिकटत नाही, आणि जिच्यात चांदी औषधालाही नसते ती जर्मन सिल्व्हरही नाही. वजन बघा. १८७३ च्या कायद्याने ५०० ग्रॅम शुद्ध चांदीचे १०० मार्क ठरले, म्हणजे मार्कला ५ ग्रॅम. कस ९००, म्हणजे हजार भागांत ९०० चांदी, म्हणून एक मार्क ५.५६ ग्रॅम, दोन ११.११, तीन १६.६७ आणि पाच २७.७८. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल. जड भरलं तर संशय घ्या.

नुसत्या वजनावरही विसंबू नका, जाडी वाढवून ते जुळवता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. पाच मार्क असेल तर आकडा २.७० च्या जवळ यायला हवा आणि उत्तर, म्हणजे घनता, १०.३ च्या आसपास. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर उत्तर नऊच्या आत राहतं.

माझं घोडं बरेच दिवस इथेच अडलं होतं, कारण हवेचे बुडबुडे. ते अक्षरांच्या खाचांत आणि गरुडाच्या पंखांखाली चिकटून बसतात, आकडा फुगवतात आणि अस्सल नाणं खोटं ठरतं. दोरा आधी ओला करा, पाण्यात लिक्विड साबणाचा एकच थेंब टाका, नाणं बुडवून हलकेच गोल फिरवा आणि मगच आकडा वाचा. दोनदा वेगळा आकडा आला तर तिसऱ्यांदा करा. दुकानदार घाई करत असेल तर नाणं त्यालाच लखलाभ.

चांदी खरी निघाली तरी नाणं खरं असेलच असं नाही. म्हणून भिंग घेऊन कड फिरवत बघा. तीन आणि पाच मार्कच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) खोलगट उमटलेलं असतं. अक्षरांच्या कडा गोलसर, मऊ दिसल्या किंवा मधून बारीक सांधा गेला असेल, तर नाणं साच्यात ओतलेलं. राजाच्या डोक्यावरच्या बाजूला अक्षरं अचानक पुसट झाली असतील तर तिथे कधीकाळी कडी डाकलेली होती. अशा नाण्याला संग्राहकाचा भाव देऊ नका. आणि सॅक्सनीचं १९१७ चं, तिथला जुना शासक फ्रीडरिश द वाइज याचं तीन मार्क कोणी ‘आजोबांच्या पेटीतलं’ म्हणून दाखवलं तर हसून परत करा. ती पाडलीच होती मुळी १००.

घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी, काहीही नको. काळपट निळसर छटेला संग्राहक जास्त पैसे मोजतात. घासलेल्या नाण्यावर प्रकाशात एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात आणि त्या जन्मभर जात नाहीत. पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो.

हात बसला की जर्मन पूर्व आफ्रिकेचा, त्या काळच्या जर्मन वसाहतीचा, रुपी शोधा. गरुडाचं शिरस्त्राण घातलेला विल्हेल्म, ११.६६ ग्रॅम, कस ९१७. आपल्या राणी छाप रुपयाचंच माप. काट्यावर दोन्ही शेजारी तोलून बघा.