जुनं वस्त्र घरात कसं जपावं

मध्ययुगात गुजरातेत ठशांनी छापलेलं सुती कापड पश्चिमेला इजिप्तपर्यंत आणि पूर्वेला आजच्या इंडोनेशियापर्यंत जात असे. खुद्द गुजरातेत त्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. उरलं ते जुन्या कैरोजवळच्या फुस्तातच्या मातीत आणि इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तोराजा जमातीच्या घराण्यांच्या ठेवीत. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या न्यूबेरी संग्रहात फुस्तातकडचे बाराशेहून जास्त तुकडे आहेत. कार्बन कालमापनात त्यातले काही दहाव्या-अकराव्या शतकाइतके जुने निघाले. तोराजांकडची काही कापडं तर पाच-पाच मीटर लांब आणि अखंड आहेत, आणि त्यातली काही चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहेत.

फुस्तातचं कापड कोरड्या हवेने राखलं. सुलावेसीची हवा मात्र आपल्या कोकणासारखी दमट. तिथे कापड टिकलं, कारण ते पवित्र मानून फक्त विधींपुरतं बाहेर काढलं जाई. घरात आजीची पैठणी, शेला किंवा जुनं छापील वस्त्र असेल तर हेच लक्षात ठेवायचं: जुनं कापड धुऊन टिकत नाही, कमी हाताळल्याने टिकतं.

आधी तपासणी. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर अंथरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम किंवा तेल नको. वस्त्र टोकाला धरून उचलू नका, खाली दोन्ही हात घालून उचला. घड्यांच्या रेषा उजेडात पाहा. रेशीम तिथेच आधी चिरतं, कारण वर्षानुवर्षं तोच धागा वाकलेला असतो. छापील सुती कापडात काळ्या रेषा नीट पाहा. तो काळा रंग लोखंड आणि टॅनिन या वनस्पतींतल्या तुरट द्रव्यापासून बनतो आणि हळूहळू सूत खातो. त्यामुळे लाल फूल शाबूत आणि त्याची काळी बाह्यरेषा तेवढी भोकं पडून गेलेली, असं दिसतं. अशा कापडाला पाणी लावायचंच नाही. तपासणीनंतर पूर्ण वस्त्राचे आणि प्रत्येक डागाचे फोटो काढा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते.

धूळ काढायला ब्रश घासू नका. वस्त्रावर नायलॉनची बारीक जाळी ताणून धरा आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी जोरावर ठेवून जाळीच्या किंचित वरून फिरवा. जरीची तार सुटलेली असेल तिथे तेही करू नका. जुन्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. लिंबू, चिंच, टूथपेस्ट लावून ती चमकवली की काळेपणाबरोबर मुलामाही जातो, आणि तो परत येत नाही. काळवंडलेली जर तशीच राहू द्या. ड्रायक्लीनिंगही नको.

कीड लागलेली दिसली तर आधी ती ओळखा. रेशमाला आणि लोकरीला पतंगाच्या अळ्या लागतात. सुती कापडाला कसर लागते ती बहुतेक खळीमुळे. डांबराच्या गोळ्यांची वाफ श्वासाला घातक आहे, त्या टाळा. वेखंडाची पुरचुंडी कीड थोडी लांब ठेवते, पण आत शिरलेल्या अळ्या तिने मरत नाहीत. खात्रीचा उपाय डीप फ्रीझरचा. वस्त्र सुती कापडात गुंडाळा, पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. घाई केली की थंड कापडावर हवेतलं पाणी जमतं, लाल रंग फुटतो आणि बुरशीला निमित्त मिळतं. वस्त्रावर हाताने रंगवलेलं काम असेल तर हा उपाय करू नका.

ठेवण्यासाठी गुंडाळी सर्वांत चांगली. आठ-दहा सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती वस्त्राच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर जास्त हवी. साडीचा पन्हा साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर असतो, म्हणजे १४० सेंटिमीटरची नळी पुरते. पुठ्ठ्यात आम्ल असतं, म्हणून नळीवर आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर मलमल गुंडाळा. पीव्हीसी पाइप वापरू नका, त्यातून कालांतराने क्लोरीनयुक्त वायू सुटतो. मलमल किंवा मांजरपाट दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. नाहीतर कसरीला तुम्हीच जेवण वाढता. वस्त्र सैलसर गुंडाळताना मध्ये मलमलीचा थर येऊ द्या, म्हणजे काठाची जर रेशमाला घासत नाही. बाहेरून दोन-तीन ठिकाणी रुंद सुती नाडी बांधा. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

नळीला जागा नसेल तर घडी चालेल, पण प्रत्येक घडीत मलमलीची जाड वळकटी घाला. दर तीन-चार महिन्यांनी घडी दोन-तीन बोटं सरकवून घाला. वर दुसरं काही रचू नका.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं नको. पावसाळ्यात ओल तिथूनच येते. प्लास्टिकची पिशवी ओल कोंडून ठेवते आणि वर्तमानपत्राचा कागद कापड पिवळं करतो, दोन्ही वर्ज्य. कपाटात एक आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६५ च्या वर गेलं की बुरशी धरू शकते. मुंबईत पावसाळ्यात काटा सहज तिथे पोचतो. तेव्हा कपाटात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, कापडी पिशव्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरा. हवा द्यायची तर पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवशी, सावलीत. कडक उन्हात वाळवलेलं रेशीम ठिसूळ होतं.

भिंतीवर लावायचं असेल तर काच कापडाला टेकता कामा नये, उजेड मंद हवा, आणि तीन-चार महिन्यांनी ते उतरवून अंधारात ठेवायला हवं. उजेडाने गेलेला रंग विश्रांती दिल्याने परत येत नाही.

भोकांवर फेविकॉल, सेलोटेप, इस्त्रीने चिकटणारं अस्तर यांतलं काहीही लावू नका. हात लावताच रेशमाचा भुगा पडत असेल तर घरचे उपाय थांबवा. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे; तिथे फोटो पाठवून विचारा. उत्तर येईपर्यंत वस्त्र सपाट पसरून मलमलीखाली झाकून ठेवा.