सिंक्रोनस मोटर चालू करताना फिल्ड कधी द्यायचं

इंडक्शन मोटरवर हात बसलेला माणूस सिंक्रोनसच्या पॅनलसमोर आला की पहिला प्रश्न हाच, फिल्डला म्हणजे रोटरवरच्या वाइंडिंगला डीसी कधी द्यायचा? सुरुवातीला अजिबात नाही. ही मोटर पोलवरच्या डॅम्पर वाइंडिंगच्या (शॉर्ट केलेल्या पट्ट्यांच्या) जोरावर इंडक्शनसारखी उठते, तेव्हा फिल्डला डीसी दिला तर टॉर्क नुसता मागेपुढे हिसके देतो आणि मशीन हादरतं.

पण डीसी नाही म्हणजे फिल्ड मोकळं सोडायचं असंही नाही!! सर्किट उघडं राहिलं तर स्टेटरमुळे त्यात हजारो व्होल्ट इंड्यूस होऊ शकतात, इन्सुलेशन गेलंच समजा, म्हणून पॅनलमध्ये डिस्चार्ज रेझिस्टर असतो. स्टार्टच्या आधी सप्लाय आयसोलेट करून लॉक लावा आणि त्याचा ओहम मोजून नेमप्लेटशी ताडून बघा, फिल्ड कॉन्टॅक्टरचा जो कॉन्टॅक्ट रेझिस्टर फिल्डवर टाकतो तो नीट बसतोय का तेही बघा. बाकी इंटरलॉक नंतर बघितले तरी चालेल, हे दोन आधी.

आता लोड काढा, कॉम्प्रेसर असेल तर अनलोड करा, आणि मेन ब्रेकर मारा. मोटर उभी असताना फिल्डमध्ये इंड्यूस होणारे ५० हर्ट्झ असतात आणि स्पीड वाढेल तसे ते कमी होत जातात. समजा २० पोलची मोटर, सिंक्रोनस स्पीड ३०० आरपीएम, तर २८५ ला म्हणजे ९५ टक्क्यांना फक्त २.५ हर्ट्झ उरतात. फ्रिक्वेन्सी रिले हेच ओळखतो आणि वेव्हच्या योग्य क्षणी डीसी टाकून रेझिस्टर बाजूला करतो, मग पोल झटक्यात लॉक होतात. कधीकधी रिकामी मोटर फिल्डशिवायच रिलक्टन्स टॉर्कवर (पोलच्या आकारामुळे मिळणाऱ्या) सिंक होते, मग रिलेला स्लिप, म्हणजे सिंक्रोनस स्पीडपेक्षा मागे पडणं, दिसतच नाही, त्यासाठी टायमरचा बॅकअप ठेवलेला असतो, तो काढून टाकू नका. सिंक झालीच नाही तर इनकम्प्लीट सिक्वेन्सवर (स्टार्ट वेळेत पूर्ण न झाल्याच्या प्रोटेक्शनवर) ट्रिप व्हायलाच हवी. लगेच परत स्टार्ट मारायचा मोह होतो पण डॅम्पर वाइंडिंग थोड्या वेळासाठीच बनवलेलं असतं, ते थंड होऊ द्या, मेकरने सलग किती स्टार्ट दिलेत तेवढेच.

सिंक झाली की लोड द्या आणि फिल्ड करंट सेट करा. लोड तोच ठेवून फिल्ड हळूहळू वाढवत न्या, स्टेटरचा करंट आधी कमी होतो, युनिटी पीएफला (पॉवर फॅक्टर १) सगळ्यात खाली येतो आणि मग परत वाढतो. त्याच्या पुढे गेलात की लीडिंग (करंट व्होल्टेजच्या पुढे), फॅक्टरीतल्या बाकी इंडक्शन मोटरांचा लॅगिंग भार ही सांभाळते. मात्र ०.८ लीडिंगसाठी बनलेलीच मोटर तिथे चालवा, युनिटीवाल्या मोटरचं फिल्ड उगाच ताणून रोटर तापेल. उलट बाजूने, फिल्ड फार कमी ठेवून चालवणं मला तरी पटत नाही, कारण लोडचा धक्का आला किंवा व्होल्टेज पडलं की सिंक सुटते.

आउट ऑफ स्टेपवर (सिंक सुटल्यामुळे) ट्रिप झालीच तर रिलेचं सेटिंग वाढवायच्या आधी कार्बन ब्रश, स्लिप रिंग, ब्रशलेस असेल तर फिरणारे डायोड बघा. आणि दोन्ही रिंग सारख्या झिजत नाहीत, म्हणून शटडाऊन मिळाला की रिंगवरची प्लस मायनस अदलाबदल करून घ्या.