हिपॅटायटीस सी च्या गोळ्या चालू असताना किडनीकडे लक्ष कसं द्यायचं

तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो मी, आणि हिपॅटायटीस सी चा पेशंट सुईसाठी हात पुढे करतानाच विचारतो, भाऊ या गोळ्यांनं किडनी जाते म्हणतात, खरं का? तं आधी ते सांगून टाकतो. सोफोसबुविर, म्हणजे या कोर्समधलं मुख्य औषध, बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून सुरवातीला ज्याची किडनी लय खराब, म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली, त्याला देऊ नये असं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, ते बदललं, आता डायलिसिसवाल्यालाही डोस कमी न करता देतात. पण गावात अजून जुनीच गोष्ट फिरते आणि त्या भीतीनं लोक कोर्स मधातच सोडून देतात, हे जास्त वाईट आहे. विषाणू राहिला तं तो स्वतःच किडनीची चाळणी खराब करू शकतो.

गोळ्या सुरू व्हायच्या आधीच क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनी बाहेर टाकते तो कचरा) आणि लघवीची तपासणी करून घ्या. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात औषधं फुकट आहेत, जिल्हा हॉस्पिटल नाही तं मेडिकल कॉलेजला जा, तिथं विचारा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले, म्हणजे खारं पाणी असलेल्या भागातले लोक, बीपी-शुगरवाले, यांनी तं हे टाळूच नये.

आता रिपोर्ट कसा पाहायचा. नुसतं क्रिएटिनिन पाहून "नॉर्मल आहे" म्हणू नका. समजा १.१ आलं. २५ वर्षांच्या पोराचं १.१ असेल तं ईजीएफआर ९५ च्या आसपास निघतो, काही टेन्शन नाही. तेच १.१ जर ६८ वर्षांच्या आजीचं असेल तं तो ५५ च्या आसपास येतो, म्हणजे किडनी कमजोर असू शकते, आणि बऱ्याच लॅबच्या छापील रिपोर्टवर तिथं खुणेचा बाणही येत नाही. वाळलेल्या माणसात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिन कमीच दिसतं, लिव्हर सुकलेल्यात तं आणखीनच फसवतं. म्हणून वय टाकून ईजीएफआर काढून मागा, आणि दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आदल्या रात्री मटण हाणून येऊ नका, आकडा उगाच वाढतो.

किडनीचा खरा घात गोळीपेक्षा पेनकिलर करते. कापूस वेचून कंबर धरली, की मेडिकलवाल्याकडून दोन रंगाची पुडी, नाही तं गावातल्या डॉक्टरकडून सुई, त्यात डायक्लोफिनॅक नाही तं आयबुप्रोफेन असतंच. लिव्हर खराब असेल आणि वरून पाणी कमी पडलं तं हेच पुरतं. दुखत असेल तं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरला विचारून, लिव्हर सुकलेल्याला साधारण दिवसाला २ ग्रॅमच्या आतच ठेवतात. जडीबुटीचं चूर्ण, भस्म या काळात नकोच.

उन्हाळ्यात ४५ डिग्रीत शेतात जाणं टाळता येत नसेल तं सकाळीच काम उरका, पाणी सोबत न्या. पण पोटात पाणी झालं असेल, पाय सुजत असतील, लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल त्यानं पाणी-मीठ किती, हे डॉक्टरलाच विचारायचं. उलट्या-जुलाब लागले तं ती लघवीची गोळी तशीच रेटू नका, त्याच दिवशी फोन करा.

डॉक्टरसमोर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल घेतली तं वेल्पाटासविर, म्हणजे सोफोसबुविरसोबत देतात ते दुसरं औषध, नीट लागत नाही. हृदयाची अमिओडारोन असेल तं सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायक कमी होऊ शकतात. एचआयव्ही नाही तं हिपॅटायटीस बी साठी टेनोफोविर चालू असेल तं वेल्पाटासविर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, तिथं किडनी जास्त बारकाईनं पाहावी लागते. आणि रिबाविरिन, म्हणजे काही जणांना जोडीला देतात ते औषध, असेल तं किडनी कमजोर असल्यास डोस कमी करतात, हिमोग्लोबिनही पाहत राहतात, कारण ते खाली येतं.

चालू कोर्समध्ये किती वेळा तपासायचं हे माणसावर आहे. तब्येत धडधाकट असेल तं आधी आणि मग डॉक्टर म्हणेल तेव्हा, पण लिव्हर सुकलेला, किडनी आधीच कमजोर, नाही तं रिबाविरिनवाला असेल तं दर महिन्याला गोळ्या घ्यायला जाता तेव्हाच क्रिएटिनिन द्या. फेस येणारी लघवी, लालसर लघवी, डोळ्यांखाली सूज, लघवी कमी होणं, पिंढऱ्यांवर लाल ठिपके, यातलं काही दिसलं तं महिना पुरा व्हायची वाट पाहू नका, पण गोळ्याही स्वतःहून बंद करू नका.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ती तपासणी, करायची, त्यात विषाणू दिसला नाही तं तो गेला. त्याच दिवशी क्रिएटिनिनही देऊन टाका, एकाच फेरीत होतं. अँटीबॉडी टेस्ट मात्र बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, ती पाहून घाबरत पुन्हा लॅबला येऊ नका बापा.