घरोघरचा सुका कचरा वेगळा व्हावा असं वाटतं? मग या चुका टाळा

सोसायटीतली कचरा वेगळा करण्याची मोहीम बहुतेकदा २ ऑक्टोबरला सुरू होते आणि दिवाळी सरेपर्यंत थंडावते. थंडावण्याची कारणं दरवेळी तीच असतात. लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही, हे त्यातलं एक कारण सांगितलं जातं आणि ते खोटं आहे. आपल्या घरांत वर्तमानपत्रांची रद्दी कधी कुणाला वेगळी ठेवायला शिकवावी लागली? तेलाचे डबे, काचेच्या बाटल्या, मोडकी बादली, हे सगळं भंगारवाल्याची हाक येईपर्यंत बाल्कनीत राहतं. घेणारा कोण आणि कधी येणार हे ठाऊक असेल, तर लोक माल आपोआप वेगळा ठेवतात.

म्हणून सुरुवात शेवटच्या माणसापासून करावी. माल कोण नेणार, कोणत्या वारी, कशा अवस्थेत त्याला तो चालतो, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे येत स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायचं. याच्या उलट निघालेली माणसं पुढच्या चुका हमखास करतात.

आधी डबे, मग विचार

८४ सदनिकांची एक सोसायटी. समितीने उत्साहाने प्रत्येक घराला हिरवा-निळा असे दोन डबे दिले आणि पार्किंगमध्ये पाच रंगांचे मोठे डबे मांडले: कागद, प्लास्टिक, काच, धातू, इतर. उद्घाटन झालं, फोटो निघाले. पहिल्या आठवड्यात पाचही डबे ओसंडले, कारण ते कधी आणि कोण रिकामे करणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. ओला कचरा नेणाऱ्या ताई रोज येत होत्या, पण सुक्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी ‘इतर’मध्ये डायपर टाकले. कागदाच्या डब्यात आमटी सांडलेला पुठ्ठा आला आणि खालची सगळी रद्दी भिजली. ‘प्लास्टिक’च्या डब्यात निम्म्या वस्तू कुणीच विकत न घेणाऱ्या होत्या. महिन्याभरात वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, रखवालदाराने वैतागून डबे गच्चीवर नेले आणि वार्षिक सभेत ‘आपले लोक सुधारणार नाहीत’ असा निष्कर्ष निघाला.

लोकांनी तर पहिल्या आठवड्यात डबे भरून दाखवले होते. पुढचा दुवा नव्हता.

त्याच सोसायटीत पुढे काम उभं राहिलं ते डबे न घेता. कचरा नेणाऱ्या ताईंशी आणि जवळच्या भंगारवाल्याशी बसून बुधवार आणि शनिवार हे दोन वार ठरले. पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात एका लोखंडी दांडीला सहा गोण्या टांगल्या. निवडायचं काम ताई तिथेच करतात, त्यांच्या हाताला ते दहा मिनिटांचं आहे. घरांनी फक्त एक गोणी आणून द्यायची.

घरासाठी आमची शिफारस ठरलेली आहे. ओल्यासाठी झाकणाचा आठ-दहा लिटरचा डबा, आत प्लास्टिकची पिशवी न घालता तळाला वर्तमानपत्राची घडी. सुक्यासाठी २५ किलो तांदळाची रिकामी गोणी, दाराआड किंवा बाल्कनीत खुंटीला. सुकं खरंच सुकं असेल तर त्याला वास येत नाही, ते आठवडाभर सुखाने राहतं. चार माणसांच्या घरात आठवड्याला साधारण एक गोणी भरते. सॅनिटरी पॅड, डायपर, मलमपट्ट्या यांची तिसरी, वेगळी पुडी. याहून जास्त भाग घरात पाडू नका. पणजीत सुका कचरा सोळा प्रकारांत निवडला जातो आणि त्याचं कौतुक योग्यच आहे, पण त्यामागे अनेक वर्षांची घडी आहे. पहिल्याच महिन्यात घरोघरी सात पिशव्या मागणारी समिती तिसऱ्या महिन्यात दोनही पिशव्या गमावते.

दुधाची पिशवी न धुणं

ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून जरा सविस्तर.

रोज एक लिटर दूध येणाऱ्या घरात अर्ध्या लिटरच्या महिन्याला साठ पिशव्या जमतात. वरच्या ८४ घरांच्या हिशोबात त्या पाच हजारांवर जातात. मऊ प्लास्टिकमध्ये हा चांगला माल आहे: एकाच जातीचा, वितळवून दाणा करता येणारा, भंगारात खपणारा. पण तळाशी चमचाभर दूध राहिलं की दुसऱ्या दिवशी ते आंबतं. तिसऱ्या दिवशी गोणीला वास सुटतो, मुंग्या आणि झुरळं येतात. मग घरातली बाई वैतागते आणि पिशवीबरोबर अख्खी गोणी ओल्यात रिकामी करते. त्या दिवशी त्या घरातला कागद गेला, बाटल्या गेल्या आणि ‘हे आपल्याच्याने व्हायचं नाही’ ही समजूत पक्की झाली. बहुतेक घरांत सुका कचरा बंद पडतो तो नेमका इथे.

पद्धत अशी. कोपरा कापताना कात्री आरपार चालवू नका. तुकडा एका बाजूने चिकटून लोंबता राहिला पाहिजे. तो नखाएवढा तुकडा सुटला की सिंकच्या जाळीत, मोरीत, नाहीतर ओल्या कचऱ्यात जातो, पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही आणि खतातून चाळताना छळतो. दूध ओतून झालं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून तोंड चिमटीत धरून खळबळवा आणि ते पाणी दुधाच्याच पातेल्यात किंवा चहाच्या आधणात घाला. आता वरची शिवण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापा, पण इथेही टोकाचा अर्धा इंच सोडा. ही पायरी लोक गाळतात. नुसता कोपरा कापलेल्या पिशवीच्या आत हवा खेळत नाही, ती बाहेरून कोरडी दिसते आणि आत ओली राहते. उघडी पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात एकदा बुडवा, झटका आणि सिंकवरच्या दोरीला चिमट्याने लटकवा. संध्याकाळपर्यंत वाळते. मग सपाट करून एकावर एक. पन्नास झाल्या की जुन्या सुतळीने गठ्ठा.

‘आठवडाभराच्या एकदम धुऊ’ म्हणणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. साय आत वाळून तिचा पापुद्रा धरतो, मग गार पाण्याने निघत नाही आणि साठ सेकंदांच्या कामाला अर्धा तास लागतो. दूध ओतताना हात तिथेच असतो, तेव्हाच करून मोकळं व्हावं. दही, ताक, तेल यांच्या पिशव्यांनाही हेच लागू. तेलाच्या पिशवीला आधी कोरड्या रद्दीने आतून पुसा, मग साबणाचं पाणी.

महिनाभर फक्त दुधाच्या पिशव्याच मागितल्या तरी चालेल. एक वस्तू नीट जमली की पुढच्या चार सोप्या जातात. ‘एका रविवारी शंभर टक्के वर्गीकरण’ करू पाहणाऱ्यांना हे फार हळू वाटतं. त्यांचं टिकल्याचं मात्र क्वचित दिसतं.

ज्यांच्या हातात कचरा असतो त्यांना न सांगणं

रविवारी सकाळी बैठक, प्रोजेक्टरवर सादरीकरण, खुर्च्यांवर सदनिकांचे मालक. सोमवारी केर काढतात, भांडी घासतात, डबा बाहेर ठेवतात त्या घरकामाच्या ताई. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. मालकांनी काळजीने वेगळं केलेलं त्या सवयीने एकाच पिशवीत भरतात आणि दोष त्यांच्यावर येतो.

त्यांच्यासाठी वेगळे वीस मिनिटं काढा. वेळ त्यांच्या सोयीची, दोन कामांच्या मधली, साधारण अकराच्या सुमाराची. चहा द्या. सादरीकरण नको: घमेल्यात खराखुरा कचरा घ्या आणि त्यांच्याच हाताने निवडून घ्या. आंब्याची कोय कुठे, चहाचा गाळ कुठे, केर आणि केसांचा गुंता कुठे. जिथे त्या अडतात, तिथे तुमच्या सूचनापत्रकात चूक आहे असं समजा आणि पत्रक बदला. भाडेकरू बदलला की त्याच दिवशी, किल्ली देतानाच, गोणी आणि वारांची चिठ्ठी द्या.

मुलांना घोषणा पाठ करायला लावू नका, घरातला वजनकाटा द्या आणि गोणी तोलू द्या.

खाली पुन्हा एकत्र होणं

आपण वेगळं दिलेलं फाटकाबाहेर एकाच गाडीत ओतताना एकाने पाहिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर कळतं. त्यानंतर कितीही पत्रकं वाटा. कधी ते खरोखर एकत्र होतं, कधी गाडीला आतून कप्पा असतो आणि वरून दिसत नाही. दोन्ही वेळा परिणाम तोच.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक (सेल, औषधं वगैरे) असे वेगळे भाग घरातच करायला सांगितले, आणि उचलणाऱ्यांनाही ते वेगळेच न्यायला सांगितले. तेव्हा एकत्र ओतलं जात असेल तर तारीख, वेळ आणि गाडी टिपून लेखी तक्रार द्या आणि दिल्याचं फलकावर लावा. गाडीला कप्पा असेल तर दोन-तीन सभासदांना खाली नेऊन तो उघडून दाखवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सुक्याचे वार ओल्यापासून तोडणे: सुकं फक्त ठरल्या दोन वारीच, बाकी दिवशी घेतलंच जाणार नाही.

पुण्यात या कामाला भक्कम आधार आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३मध्ये उभी राहिली. त्यातूनच पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. घरटी मिळणाऱ्या शुल्काबरोबर सुका माल विकून आलेले पैसे ही या बायकांची कमाई असते. म्हणजे तुम्ही भिजवलेली रद्दी ही कुणाची तरी बुडालेली मजुरी आहे. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल पेनाने मोठा ठिपका, फुटकी काच पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ लिहून, सुई आणि ब्लेड टोपणाच्या जुन्या बाटलीत. यात कुचराई केली की हात दुसऱ्याचा कापतो, आणि याबाबतीत आम्ही कुणालाही सवलत देत नाही.

‘सगळं प्लास्टिक सुक्यात टाका, होतं त्याचं काहीतरी’

होत नाही. वेफर्स, बिस्किटं, शांपूच्या पुड्या यांत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत म्हणून भंगारवाला घेत नाही. गोळा झालेच तर बहुतेकदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. तरीही ते सुक्यातच, कोरडे करून द्यावेत, पण लोकांना ‘यातून नवीन वस्तू बनते’ असं खोटं सांगू नका. खोटेपणा कळला की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

किराणा दुकानातून आलेली ‘कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणारी, पिशवी सुक्यात टाकू नका. दिसायला प्लास्टिक, पण दाण्यात मिसळली तर सगळा घाणा बिघडवते.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तो रद्दीत चालत नाही. खरेदीच्या गुळगुळीत पावत्यांवर रसायनाचा लेप असतो, त्याही नकोत. पिझ्झाच्या खोक्याचं तेलकट बूड फाडून ओल्यात आणि कोरडं झाकण पुठ्ठ्यात, कारण कागदाचा लगदा पाण्यात करतात आणि तेल त्यातून निघत नाही. ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम असे तिन्ही असतात. कापून, धुऊन, सपाट करून वेगळी ठेवा आणि घेणारा आहे का ते आधी विचारा. पाण्याची बाटली रिकामी करा, चेपा, मग बूच लावा, नाहीतर गोणीत निम्मी हवाच भरते. आरसा, बल्ब आणि चिनी मातीचा कप बाटल्यांच्या काचेत घालू नका. बॅटरीचे सेल, चार्जर, मुदत संपलेली औषधं या कशालाही रोजच्या गोणीत जागा नाही, तिमाहीला एक दिवस ठरवून एकत्र द्या.

दंड पहिल्या महिन्यात लावू नका. दंडाला घाबरलेलं घर पिशवी गाठ मारून रात्री कोपऱ्यावर टाकतं.

पावसाळ्यात सुरुवात करू नका: कागद वाळत नाही, गोण्यांना कुबट वास धरतो. दिवाळीच्या आधी तर मुळीच नको, माळे रिकामे होतात तेव्हा मुरलेली व्यवस्थाही कोलमडते. फेब्रुवारी चांगला.

तिसऱ्या महिन्यात वजन घटलं तर

लटकवायचा वजनकाटा घ्या आणि दर उचलीला दोन आकडे लिहा: विकला गेलेला माल किती आणि टाकून द्यावा लागला किती. दुसरा आकडा बहुतेक समित्या लिहितच नाहीत, आणि सगळं तोच सांगतो. एकूण वजन कमी आणि टाकाऊही कमी, तर बहुधा लोक गावी गेलेत किंवा रद्दी थेट विकताहेत. दुसऱ्यात काळजीचं काही नाही. एकूण तेवढंच पण टाकाऊ वाढलं, तर कुणाची तरी गोणी ओली येतेय: दोन उचली मजल्यानुसार तपासा, बहुधा दोन-तीन घरंच निघतात. त्यांच्याकडे समितीतल्या माणसाने एकट्याने जावं, हातात कागद न घेता, आणि सिंकवर दोरी आहे का ते पाहावं. नसेल तर खिशातून सुतळी आणि चार चिमटे काढून तिथेच बांधून द्यावी.