गावच्या निवेदनापासून विधानभवनापर्यंत: ग्रामीण भागातून पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदारासाठी कामाची पद्धत

निकाल लागल्यावर पहिले काही दिवस हार-तुऱ्यांत जातात आणि दोन कागदी कामे राहून जातात. पहिले निवडणूक खर्चाचे. निकाल जाहीर झाल्यापासून 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल झाला पाहिजे. जिंकलेल्यालाही यातून सूट नाही. हिशेब दिला नाही तर निवडणूक आयोग 3 वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. दुसरे काम शपथेचे. शपथ न घेता सभागृहात बसले किंवा मतदान केले तर राज्यघटनेनुसार दिवसाला 500 रुपये दंड आहे. परवानगी न घेता सलग 60 दिवस बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते, हेही स्वीय सहायकाच्या डायरीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

पुढची पाच वर्षे निवेदनांवर चालतात. दौऱ्यात, लग्नात, अंत्यविधीला, सगळीकडे कागद हातात येतो. तो घेताना फोटो निघतो, पण काम सुरू होते ते कागद नोंदवहीत चढल्यावर. नोंदवहीला सहा रकाने पुरतात: तारीख, गाव, विषय, कोणत्या कार्यालयाचे काम, पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक, पुढची तारीख. यातला चौथा रकाना सर्वांत जास्त चुकतो. रस्त्याचे निवेदन सार्वजनिक बांधकाम विभागाला गेले आणि रस्ता जिल्हा परिषदेचा निघाला, तर ते पत्र महिनाभर फिरून परत येते आणि गावकऱ्यांच्या लेखी आमदार खोटा ठरतो.

म्हणून रस्त्यांचे आधी समजून घ्या, कारण ग्रामीण मतदारसंघात सगळ्यात मोठी मागणी त्यांचीच असते. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्गही बहुतेक ठिकाणी त्यांच्याचकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. शेतात जाणारे पाणंद रस्ते आणखी वेगळे, तिथे तहसीलदार, मोजणी आणि अतिक्रमण हे विषय येतात. रस्ता कुठल्याही गटातला असो, त्याला क्रमांक आहे का ते पाहा. रस्ते विकास योजनेत नोंद नसलेल्या, क्रमांक नसलेल्या वाटेला डांबराचे पैसे मिळत नाहीत. अशा वाटेसाठी मंत्रालयात चकरा मारण्याआधी ग्रामपंचायतीचा ठराव आणि जिल्हा परिषदेचा प्रस्ताव करून तिला क्रमांक मिळवून घ्यावा. वर्दळ वाढलेल्या ग्रामीण मार्गाची दर्जोन्नती, म्हणजे वरच्या गटात नोंद, मागावी. हे काम कंटाळवाणे आहे, फीत कापण्यासारखे त्यात काही नाही, पण पुढच्या दहा वर्षांचा निधी त्यावर अवलंबून असतो.

पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या क्रमांकातून) मागायचा हेही पत्रात लिहावे. गावांतर्गत रस्ते, गटार, सभामंडप यांसाठी ग्रामविकास विभागाचे 2515. रस्त्यांसाठी 3054 आणि 5054. पहिले मुख्यतः दुरुस्ती-देखभालीचे, दुसरे भांडवली कामांचे. ‘निधी मिळावा’ एवढेच लिहिलेले पत्र कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राहते. मंत्र्यांचा ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मिळाला म्हणजे काम झाले असेही समजू नका. त्या शेऱ्यानंतर नस्ती (फाइल) खाली कार्यासनाकडे, म्हणजे विभागातल्या संबंधित कक्षाकडे, येते, तिथे अंदाजपत्रक नाही, जागेचा कागद नाही म्हणून थांबते. ते कागद आधीच जोडलेले असतील तर तीच नस्ती वर जाते.

मागणी कधी पाठवायची हे अधिवेशनांवरून ठरते: अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या) बहुधा अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी मांडल्या जातात. त्यांत काम यायला हवे असेल तर प्रस्ताव किमान महिना-दीड महिना आधी विभागाकडे पोचलेला हवा. अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन धावणारे पुढच्या अधिवेशनाची वाट पाहतात. काम आले तरी तरतूद किती ते वाचा. कोटीच्या पुलाला टोकन, म्हणजे नावापुरती, तरतूद असेल तर कंत्राटदार खड्डे खणून निघून जातो.

आता सभागृहातली हत्यारे. त्यांत सर्वांत उपयोगी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जातो. त्याची सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधी द्यावी लागते, त्यामुळे नोंदवहीतल्या अडलेल्या कामांतून विषय आधीच निवडावेत. मांडणी अशी असते:

‘(1) मौजे अमुक ते तमुक या ग्रामीण मार्गावरील पुलाचे काम कार्यारंभ आदेश देऊन दोन वर्षे झाली तरी अपूर्ण आहे, हे खरे आहे काय, (2) असल्यास, कंत्राटदारास आजपर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली व किती दंड आकारण्यात आला, (3) काम पूर्ण करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

पहिल्या भागात एक तारीख किंवा एक गाव चुकले तर उत्तर येते ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपूर्ण मेहनत एका ओळीत वाया. म्हणून पहिल्या भागात फक्त कागदाने सिद्ध होईल तेवढेच घालावे. कार्यारंभ आदेशाची प्रत हाताशी असल्याशिवाय तारीख लिहू नये. ‘प्रचंड भ्रष्टाचार झाला’ असले शब्द टाळावेत, त्यांना नाही म्हणणे मंत्र्यांना सोपे जाते. ‘किती रक्कम अदा केली’ याला मात्र आकडाच द्यावा लागतो. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले की उपप्रश्न तिथेच रोवायचा: कोणता अंश खरा? दोन-तीन उपप्रश्न एकेका वाक्यात लिहून न्यावेत. भाषण सुरू केले की अध्यक्ष पुढच्या सदस्याचे नाव पुकारतात आणि मंत्री सुटतात.

प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर जातात. नुसता आकडा हवा असेल तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, प्रश्न पुरतो. घटना ताजी असेल, गारपीट, बंधारा फुटणे, आश्रमशाळेतली विषबाधा, तर विधानसभेच्या नियम 105 खाली लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) द्यावी. तीत एकच विषय, तातडी स्पष्ट दिसणारा. पाच गावांच्या पाच तक्रारी कोंबलेली लक्षवेधी नाकारली जाते. औचित्याच्या मुद्द्यावर अर्ध्या मिनिटात विषय नोंदवता येतो. त्यावर लगेच उत्तराची अपेक्षा धरू नये, पण पाठपुराव्याच्या पत्रात त्याचा हवाला चालतो.

मंत्र्यांनी सभागृहात ‘महिनाभरात बैठक लावू’ म्हटले तर कार्यवाहीतला तो उतारा लगेच मिळवा आणि विभागाला पत्रासोबत जोडा. शब्द पाळला गेला नाही तर मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाता येते. बाहेर पत्रकारांसमोर बोलताना एक भान हवे: सभागृहातल्या भाषणाला घटनेचे संरक्षण आहे, तेच आरोप विधानभवनाच्या पायऱ्यांवर केले तर नाही.

आमदार निधी सध्या वर्षाला 5 कोटी रुपये. मतदारसंघात दीडशे गावे असतील तर गावामागे सव्वातीन लाखांच्या आसपास. एवढ्यात सगळ्यांना वाटत बसले की शंभर मीटर काँक्रीट आणि एक फलक, यापलीकडे काही उभे राहत नाही. आमचे मत असे की वर्षाला तीस-पस्तीस गावे घ्यावीत, पुढच्या वर्षांची यादी उघडपणे लावावी, आणि एका गावात एक काम पुरे करावे. शिफारस जिल्हा नियोजन कार्यालयाकडे वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावी. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा सातबारा किंवा नमुना 8, आणि हे काम दुसऱ्या योजनेतून झालेले नाही असा दाखला. शेवटच्या दाखल्यावाचून दुबार कामाचा आक्षेप येतो. जागा खाजगी निघाली तर बक्षीसपत्राशिवाय पुढे जाऊ नये. सभामंडप बांधून झाल्यावर भाऊबंदकी सुरू होते.

डोंगरी आणि आदिवासी पट्ट्यात काम वनजमिनीवर अडते. तिथे वनहक्क कायद्याचे कलम 3(2) वाचावे. शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा 13 सुविधांसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ग्रामसभेचा ठराव नीट लिहिला नसल्याने परत आलेले प्रस्ताव पुष्कळ असतात.

पावसाळ्यात दोन विषय रोज येतात. शेतपिकाच्या मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावे लागते, आणि महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्या टोकाला, असे घडते. तेव्हा आकड्यावर भांडण्यापेक्षा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा पाणी ओसरण्याआधी करून घ्यावा. दुसरा विषय जळालेल्या डीपीचा (विजेच्या रोहित्राचा). 63 केव्हीएच्या डीपीवर 100 अश्वशक्तीहून जास्त पंप एकाच वेळी चालत असतील तर बदलून आणलेला डीपीही जळणार. महावितरणला फोन करण्याआधी पंपांची बेरीज मागवा आणि अतिरिक्त डीपीचा प्रस्ताव लावा.

वर्षातून एकदा पंचायत समितीची आमसभा तुमच्या अध्यक्षतेखाली होते. बरेच जण गोंधळाच्या भीतीने ती टाळतात. टाळू नये. आठवडाभर आधी लेखी प्रश्न मागवून ते खातेनिहाय लावावेत, अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तरे घ्यावीत, आणि मागच्या आमसभेचा अनुपालन अहवाल पहिला विषय म्हणून वाचायला लावावा. तो अहवाल तयार नसेल तर गटविकास अधिकाऱ्याकडून तिथेच तारीख घेऊन ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.