प्रेगो कधी म्हणायचं आणि कधी नाही

नाशिकमधल्या सातपूरला आमच्या युनिटमध्ये पॅकिंग मशीन बसवायला इटलीहून दोन इंजिनिअर आले होते, तीन आठवडे होते, आणि त्या तीन आठवड्यात त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे प्रेगो. त्यांनी पाना हातात दिला, मी थँक्यू म्हणालो की प्रेगो. दार उघडून धरलं की प्रेगो, मी काही विचारायला समोर जाऊन उभा राहिलो की प्रेगो, कॅन्टीनमध्ये खुर्ची ओढून दिली की प्रेगो. फोनमधल्या ॲपने याचा एकच अर्थ दिला होता, वेलकम, म्हणजे थँक्यूचं उत्तर, आणि त्या एका अर्थात हे सगळं काही केल्या बसेना. पुढे मला ट्रेनिंगला इटलीतल्या बोलोन्याला पाठवलं (त्या पट्ट्यात पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्या इतक्या आहेत की त्याला पॅकेजिंग व्हॅलीच म्हणतात), तिथे रोज कानावर पडून पडून तो शब्द उलगडला. आता नाशिकहून मशीनवाले जातात, द्राक्ष आणि वाइनवाले जातात, शिकायला पोरं जातात, त्यांच्यासाठी हे नीट लिहून ठेवतोय.

आधी एकच गोष्ट पक्की करा. प्रेगो हा देणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, मागणाऱ्याच्या नाही. जागा देतोय, वाट देतोय, वस्तू देतोय, परवानगी देतोय, बोलायची संधी देतोय, तो म्हणतो प्रेगो. आणि आपल्याला काही हवंय तेव्हा म्हणायचं पेर फावोरे. ही एवढी एक गोष्ट समजली की निम्म्याच्या वर चुका तिथेच थांबतात, कारण सगळ्यात कॉमन चूक हीच आहे, की प्लीज म्हणजे प्रेगो असं समजून माणूस काउंटरवर जाऊन म्हणतो, उन काफ्फे, प्रेगो. समोरचा कॉफी देतो, समजूनही घेतो, पण ते कानाला कसं लागतं माहितीये, आपण चहाच्या टपरीवर जाऊन "एक कटिंग, घ्या ना" असं म्हणावं तसं. बरोबर वाक्य आहे, उन काफ्फे, पेर फावोरे.

आता दुकानातला प्रेगो. बोलोन्यात रस्त्यांच्या कडेने कमानींचे लांबच लांब व्हरांडे आहेत, पोर्तिची म्हणतात त्यांना, 2021 मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले, त्या कमानींखाली एका छोट्या बारमध्ये आम्ही सकाळी कॉफीला जायचो. बार म्हणजे तिथे सकाळी कॉफी प्यायची जागा, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. सगळे काउंटरला उभेच असतात, रांग अशी नाही, आणि काउंटरमागचा माणूस एकाच वेळी तिघांच्या कॉफ्या काढत असतो. आपली पाळी आली की तो आपल्याकडे बघतो, समोर एक रिकामी बशी ठेवतो आणि म्हणतो, प्रेगो. पहिल्या दिवशी मी गप्प उभा राहिलो, मी अजून ग्रात्सिए (त्यांचं थँक्यू) म्हणालोच नाही तर हा वेलकम कशाला म्हणतोय हेच कळेना, आणि तेवढ्यात मागच्या बाईंनी ऑर्डर दिलीसुद्धा. नंतर लक्षात आलं की हा तर आपला "बोला". रविवार कारंजावर किंवा भांडी बाजारात कुठल्याही दुकानात चढा, दुकानदार मान वर करून "बोला" म्हणतो ना, अगदी तोच. कधी पूर्ण म्हणतात, प्रेगो, मी दीका, म्हणजे बोला, सांगा. त्यावर ग्रात्सिए म्हणत बसायचं नाही, सरळ काय हवंय ते सांगायचं.

घरात जातानाचा प्रेगो मला सगळ्यात जास्त आवडतो. तिथे कुणाच्या घरी गेलात, दार उघडलं, यजमान समोर उभे आहेत, तरी उंबऱ्यावर थांबून पेरमेस्सो? असं विचारायची पद्धत आहे, म्हणजे आपलं "येऊ का?" आणि आतून उत्तर येतं, प्रेगो, आवान्ती, म्हणजे "या या, आत या." मग खुर्चीकडे हात करून, प्रेगो, सी आक्कोमोदी, "बसा ना." हे आदरार्थी झालं, मित्र असेल तर आक्कोमोदाती, आणि दोघं तिघं असतील तर आक्कोमोदातेवी. आपल्या बस, बसा सारखंच, फक्त त्यांच्याकडे एका मोठ्या माणसासाठी आणि अनेकांसाठी वेगवेगळी रूपं आहेत. पण स्वतः प्रेगो मात्र बदलत नाही, लहानाला, मोठ्याला, सगळ्यांना तोच, त्यामुळे नवशिक्याला हा शब्द फार सोयीचा आहे.

दारातही तसंच. तुम्ही आणि एखादे वयस्कर गृहस्थ एकाच वेळी लिफ्टपाशी पोचलात तर थोडं बाजूला व्हायचं, तळहात वर करून आतल्या बाजूला दाखवायचं आणि म्हणायचं प्रेगो. आधी तुम्ही. ते म्हणतील दोपो दी लेई, तुमच्यानंतर, मग तुम्ही पुन्हा प्रेगो प्रेगो म्हणा, दोनदा म्हटलं की आग्रह होतो. बसमध्ये सीट रिकामी करून देताना, रांगेत हातात एकच वस्तू असलेल्याला पुढे जाऊ देताना, समोरच्याने पोस्सो? (म्हणजे घेऊ का, बसू का, बघू का) असं विचारलं तर, सगळीकडे प्रेगो चालतं.

आणि जेवणाच्या ताटावर. ते दोघे इथे होते तेव्हा एका रविवारी मी त्यांना दिंडोरी रोडला घरी जेवायला आणलं. आईने पुरणपोळी केली होती, कटाची आमटी होती, आणि ती पोळीवर तुपाची धार सोडताना त्यातला मोठा इंजिनिअर दर वेळी ग्रात्सिए म्हणायचा. आईने मला विचारलं याला उत्तर काय द्यायचं रे, मी म्हटलं प्रेगो म्हण. तिसऱ्या पोळीला तो ग्रात्सिए म्हणायच्या आधीच आईने पोळी ताटात ठेवली आणि म्हणाली, प्रेगो. तेही बरोबरच होतं, कारण वाढतानाही प्रेगोच म्हणतात, "घ्या ना" या अर्थाने. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण वाढणाऱ्या बाईला घ्या ना कुठे म्हणायचं ते कोण शिकवणार! त्याने एकदाही नाही म्हटलं नाही, चारही पोळ्या खाल्ल्या. यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, सेन्त्सा फारसी प्रेगारे, आग्रह करून न घेता. आणि जो सारखा नको नको करतो तो सी फा प्रेगारे, म्हणजे आग्रह करून घेतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं, आपल्याकडच्या आग्रहाला जोडीला दुसऱ्या भाषेत तंतोतंत शब्द सापडावा याचं.

आता हा आग्रह, विनंती, वेलकम सगळं एका शब्दात कसं आलं, तर प्रेगो हे मुळात क्रियापद आहे, प्रेगारे म्हणजे विनवणं, प्रार्थना करणं, आणि प्रेगो म्हणजे "मी विनवतो". प्रार्थनेला प्रेगिएरा म्हणतात. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत जाणाऱ्यांना मरियेची प्रार्थना माहिती असेल, "आम्हा पाप्यांसाठी विनंती कर" ही ओळ इटालियनमध्ये प्रेगा पेर नोई पेक्कातोरी अशी आहे, तेच क्रियापद. ते आलं लॅटिनमधून, आणि लॅटिनमधलं मूळ आणि संस्कृतातलं पृच्छ् हे एकाच घराण्यातलं आहे. म्हणजे आपला प्रश्न, पृच्छा, आणि जुन्या मराठीतलं पुसणे, जे आपण अजून विचारपूस म्हणताना वापरतो, ते प्रेगोचं लांबचं भावंड लागतं. म्हणून मी शिकवताना पोरांना सांगतो की याला परका समजू नका.

याच मुळामुळे एक अपवादही आहे, तो लक्षात ठेवा, नाहीतर माझ्या वरच्या नियमाने गोंधळ होईल. प्रेगोच्या आधी त्यांचा ती (तुला) किंवा ला (तुम्हाला) हा शब्द लागला की तो मागणाऱ्याचा शब्द होतो. ती प्रेगो म्हणजे "तुझ्या पाया पडतो, एवढं कर ना", ला प्रेगो म्हणजे तेच मोठ्या माणसाला. हे जड आहे, कॉफी मागायला नाही वापरायचं. मशीनचा सुटा भाग उद्यापर्यंत पाठवाच, लाइन बंद पडलीये, तिथे वापरायचं. आणि पाट्यांवर सी प्रेगा दी नॉन फुमारे असं दिसतं, कृपया धूम्रपान करू नये. सी प्रेगा दी दिसलं की पुढे काहीतरी सूचना आहे समजायचं आणि वाचायचं.

ग्रात्सिएचं उत्तर म्हणून प्रेगो सगळ्यांना माहितीच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच, की मित्राने थँक्यू म्हटलं तर फिगूराती जास्त जवळचं वाटतं, "अरे त्यात काय", आणि मोठ्यांना सी फिगूरी. दुकानदाराने तुम्हाला ग्रात्सिए म्हटलं तर प्रेगो म्हणण्यापेक्षा ग्रात्सिए आ लेई, "तुमचेच आभार", हे छान. कुणी सॉरी म्हटलं, स्कूझी, तर उत्तर म्हणून प्रेगोही चालतं, पण तिथे नॉन फा निएन्ते म्हणावं, म्हणजे काही हरकत नाही.

ऐकू आलं नाही तर प्रेगो? असा शेवट वर नेऊन विचारता येतं, पण ते जरा औपचारिक आहे, आपलं "काय म्हणालात?" मित्रांमध्ये नुसतं कोमे? पुरतं. आणि फोन उचलल्यावर प्रेगो नाही, प्रोन्तो, म्हणजे तयार आहे.

उच्चार करताना र जिभेवर थोडा खेळवा, आपल्याला तो जमतोच, आणि ए थोडा उघडा, आपल्या ए आणि ॲच्या मधला. जोर पहिल्या भागावर, शेवटचा ओ आखूड. ग्रात्सिएचा शेवटचा ए गिळू नका, आपले बरेच जण ग्रात्सी म्हणतात, ते लगेच कळतं. पहिल्या आठवड्यात स्वतः बोलण्यापेक्षा काउंटरपाशी उभं राहून नुसतं ऐका, कोण कुणाला काय देतंय तिकडे बघा, कारण प्रेगोबरोबर हात हलतोच, आणि हात कुठे जातोय त्यावरून "बोला" आहे, "बसा" आहे की "घ्या" आहे ते कळतं.